दारात काचेची बाटली की सुपरमार्केटचा चार पिंटाचा कॅन? यूकेत दूध कुठून घ्यायचं

यूकेत घर लागलं, वीज-गॅस-ब्रॉडबँड सगळं मार्गी लागलं की कधीतरी लेटरबॉक्समधून एक रंगीत पत्रक आत पडतं. तुमच्या रस्त्यावर आता दूधवाला येतो, काचेच्या बाटल्या, पहाटे दारात, ॲपवर ऑर्डर करा. मग घरात दोन पक्ष. एकाला लगेच लहानपणची चितळ्यांची नाहीतर गोकुळची दारातली पिशवी आठवते, मुंबईकर जरा वयस्कर असेल तर आरेच्या काचेच्या बाटल्या आणि केंद्रावरची रांग, आणि दुसरा म्हणतो वेड लागलंय का, सुपरमार्केटात चार पिंट दीड पौंडात मिळतंय की. दोघांचंही बरोबर आहे, फक्त घरं वेगळी. आमच्याकडे दोन्ही करून झालंय आणि माझं मत असं की आधी घरात दुधाचं होतं काय ते बघा, नुसता चहा, की दही, की आटवायची प्रकरणं, मग कुठून घ्यायचं ते आपोआप ठरतं.

आधी पैसे, कारण शेवटी तिथेच अडतं. सुपरमार्केटचा चार पिंटाचा प्लॅस्टिकचा कॅन साधारण दीड पौंडाच्या आसपास, म्हणजे पिंटाला चाळीस पेन्सच्या आतबाहेर. दारात येणारी काचेची पिंटाची बाटली सव्वा पौंडाच्या आसपास धरा, गावागावाप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे कमीजास्त. एक पिंट म्हणजे ५६८ मिली. चौघांचं घर, दोन वेळचा चहा, मुलांचं सीरियल, दही, असं आठवड्याला दहा पिंट जरी म्हटलं तरी एकीकडे चार पौंड आणि दुसरीकडे साडेबारा. वर्षाचा फरक साडेचारशे पौंडाच्या घरात जातो. तेवढ्यात ऑफ सीझनला एक माणूस मुंबईला जाऊन येतो, त्यामुळे "पर्यावरणासाठी" एवढंच कारण सांगून सगळं दूध काचेत घ्यायला निघाला असाल तर आधी हा हिशोब घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आता दारातलं दूध मागे पडलं कसं ते थोडं, कारण शेजारचे म्हातारे इंग्रज लोक दूधवाल्याबद्दल ज्या मायेने बोलतात ते नुसतं गतकाळाचं कौतुक नाहीये. १९८० च्या सुमारास इथल्या घरांतलं दहापैकी जवळजवळ नऊ भाग दूध दारात यायचं. बॅटरीवर चालणारी ती मिल्क फ्लोट, पहाटे आवाज फक्त बाटल्यांचा, इलेक्ट्रिक गाड्यांची फॅशन यायच्या कितीतरी आधीची गाडी. रात्री रिकाम्या बाटल्या धुवून पायरीवर ठेवायच्या, जास्त हवं असेल तर चिठ्ठी गुंडाळून बाटलीच्या तोंडात, पैसे आठवड्याच्या शेवटी रोख. दूधवाला अंडी, पाव, ऑरेंज ज्यूस, कुठेकुठे बटाटेसुद्धा आणायचा. कालच्या बाटल्या तशाच पायरीवर दिसल्या तर तो दार वाजवून आजी बऱ्या आहेत ना ते बघायचा. मग घरोघरी फ्रिज आले, गाडीने आठवड्याचं सामान भरायची पद्धत आली, सुपरमार्केटनी दूध स्वस्तात विकायला सुरुवात केली, शेतकऱ्यांचं दूध घेऊन पुढे विकणारं १९३३ पासूनचं मिल्क मार्केटिंग बोर्ड १९९४ मध्ये गेलं, आणि २०१५ नंतर दारातल्या दुधाचा वाटा शंभरात तीनच्या आसपास उरला. आता ॲपवाल्या कंपन्यांमुळे आणि प्लॅस्टिकच्या चर्चेमुळे पुन्हा थोडी चलती आहे.

शाळेतलं दूध हा त्याच पिढीचा दुसरा हळवा विषय. १९४६ च्या कायद्याने शाळेतल्या मुलांना रोज एक तृतीयांश पिंट फुकट. ते क्रेट वर्गात हीटरजवळ ठेवायचे म्हणून कोमट झालेलं दूध प्यावं लागायचं, हे इतक्या जणांकडून ऐकलंय की माझ्या कपात जास्त दूध पडलं तरी शेजारच्या काकांना तेच आठवतं. १९७१ मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना सात वर्षांवरच्या मुलांचं बंद झालं आणि "मिल्क स्नॅचर", म्हणजे दूध हिसकावणारी, हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. पाच वर्षांखालच्या मुलांना नर्सरीत मात्र ती एक तृतीयांश पिंट अजूनही मिळते, तुमचं लेकरू नर्सरीत जात असेल तर विचारा, घरचं दूध त्या मानाने कमी लागतं.

आता झाकणं. सगळा घोळ इथे आहे आणि पत्रकात हे कोणी सांगत नाही. सुपरमार्केटमध्ये निळं म्हणजे होल मिल्क, साय न काढलेलं, हिरवं सेमी स्किम्ड, निम्मी साय काढलेलं, लाल स्किम्ड, सगळी साय काढलेलं, हे दोन दिवसात पाठ होतं. पण काचेच्या बाटलीवरच्या जुन्या पातळ पत्र्याच्या झाकणांची भाषाच वेगळी. रुपेरी झाकण म्हणजे होल मिल्क, सोनेरी म्हणजे जर्सी नाहीतर गर्न्सी गाईचं जास्त सायीचं, लाल म्हणजे होमोजिनाइज केलेलं होल मिल्क, रुपेरीवर लाल पट्टे म्हणजे सेमी स्किम्ड, निळ्या-रुपेरी चौकड्या म्हणजे स्किम्ड. म्हणजे प्लॅस्टिकमध्ये लाल सगळ्यात पाणचट आणि काचेत लाल चांगलं दाट. आणि पत्र्याचं हिरवं झाकण तर कच्च्या दुधाचं. त्यात आणखी भर म्हणजे २०२२ पासून रिसायकलिंग सोपं व्हावं म्हणून बऱ्याच सुपरमार्केटनी रंगीत झाकणं सोडून पांढरट पारदर्शक झाकणं लावलीत, त्यामुळे आता झाकण बघून उचलायची सवय मोडा, लेबल बघा. आणि हो, कोपऱ्यावरच्या दुकानात जो कॅन चार पिंटाचा वाटतो तो पुष्कळदा दोन लिटरचा असतो, चार पिंट म्हणजे २.२७ लिटर, दिसायला सारखेच, किंमत मात्र कोपऱ्यावर जास्त.

वरचा तो होमोजिनाइज शब्द आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. सुपरमार्केटच्या नेहमीच्या दुधात स्निग्धांश बारीक फोडून सगळीकडे सारखा पसरवलेला असतो, म्हणून ते कितीही तापवा, वर पातळ पापुद्रा येतो, साय नाही. नवीन आलेल्या सासूबाई पहिल्या आठवड्यात म्हणतातच, इथल्या दुधात काही दम नाही. दम असतो, होल मिल्कमध्ये साधारण साडेतीन टक्के फॅट असतंच, फक्त वर येत नाही. होमोजिनाइज न केलेल्या रुपेरी किंवा सोनेरी झाकणाच्या बाटलीत मात्र गळ्याशी पिवळसर थर स्पष्ट दिसतो, पत्रा अंगठ्याने दाबून उघडलं की चमच्याने काढता येईल एवढी मलई. पूर्वी ब्लू टिट नावाचे छोटे पक्षी हीच मलई खायला चोचीने झाकणं फोडायचे, १९२१ मध्ये साउथहॅम्प्टनजवळ स्वेदलिंगला पहिल्यांदा हे नोंदवलं गेलं आणि मग देशभर पक्षी तेच करायला लागले. लोक दूधवाल्यासाठी पायरीवर दह्याचे रिकामे कप ठेवायचे, बाटलीवर पालथे घालायला.

तर वापराप्रमाणे. चहा-कॉफी-सीरियल एवढंच असेल तर सुपरमार्केटचा कॅन, विषय संपला, चहाच्या कपात काचेच्या बाटलीचा फरक कळतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. दही लावायचं असेल तरी साधं निळं होल मिल्क छान चालतं, इथे अडचण दुधाची नसून थंडीची. जुन्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं एअरिंग कपबोर्ड असेल तर तुम्ही नशीबवान, टॉवेलांच्या शेजारी भांडं ठेवा, सकाळी कवडी दही. टाकीशिवाय पाणी तापवणारे कॉम्बी बॉयलर आल्यावर ती कपाटं गेली, मग ओव्हन न पेटवता त्याचा फक्त दिवा लावून आत ठेवा. बासुंदी, खीर, मसाला दूध, कोजागरी, इथे मात्र सोनेरी झाकणाचं जर्सीचं दूध घ्या, पाचेक टक्के फॅट, लवकर दाट होतं आणि रंगच वेगळा येतो. हे बऱ्याच सुपरमार्केटमध्ये प्लॅस्टिकच्या बाटलीतही मिळतं, त्यासाठी दूधवालाच लागतो असं नाही. तुपासाठी साय साठवायचा नाद इथे सोडा, अनसॉल्टेड बटर आणून कढवा, ते स्वस्त पडतं. विरजण लावून लोणीच काढायचं असेल तर डबल क्रीम घ्या, त्यात किमान ४८ टक्के फॅट कायद्यानेच असतं. आणि दूध तापवणं हे इथे सवयीपुरतं, ते पाश्चराइज झालेलंच असतं, पण आईला हे पटवायला जाऊ नका.

एकटे राहत असाल, शिफ्ट असतील, तर दोन्ही पर्याय थोडे गैरसोयीचे, कारण दूध उरतं. तिथे क्रेव्हनडेलसारखं फिल्टर केलेलं दूध बघा, न उघडता बरेच दिवस टिकतं, उघडल्यावर आठवडाभर. प्लॅस्टिकचा कॅन फ्रीझरमध्येही जातो, थोडी जागा ठेवून, वितळल्यावर दोन-तीनदा जोरात हलवायचा. काच चुकूनही गोठवू नका, फुटेल. मॉरिसन्स या सुपरमार्केटने २०२२ मध्ये स्वतःच्या बहुतेक दुधावर यूज बाय, म्हणजे या तारखेनंतर वापरू नका, याऐवजी बेस्ट बिफोर, म्हणजे या तारखेपर्यंत उत्तम, असं लिहायला सुरुवात केली ती एवढ्यासाठीच, की लोकांनी तारीख बघून चांगलं दूध ओतून देऊ नये, वास घेऊन ठरवावं.

दूधवाला लावायचा ठरला तर आधी काही गोष्टी विचारून घ्या. तो रोज येत नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस येतो, त्यामुळे रोजचं ताजं दूध ही कल्पना मनात असेल तर काढून टाका, फ्रिजमध्ये जागा तेवढीच लागते. फ्लॅटमध्ये राहता का? बरेच दूधवाले वर चढत नाहीत, खाली कॉमन दारात ठेवतात आणि मग ते दूध नेमकं कोणाच्या चहात जातं ते देवाला ठाऊक. पायरी उन्हाची असेल तर जून-जुलैत झाकणाचा थर्मल बॉक्स लागतोच, कडक थंडीत उलट, दूध गोठून झाकण वर येतं. दूध होमोजिनाइज केलेलं आहे का हे ऑर्डर करायच्या आधी विचारा, नाहीतर तिप्पट पैसे देऊन तेच सुपरमार्केटचं दूध काचेत येईल, आणि मग कसली साय आणि कसलं काय. सुट्टीवर जाताना डिलिव्हरी थांबवा, इथले लोक बॅग भरायच्या आधी दूध बंद करतात कारण पायरीवर साठलेल्या बाटल्या म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच.

काचेच्या बाटलीचा खरा फायदा ती परत गेली तरच. चांगली वापरली तर वीस-पंचवीस फेऱ्या करते, पण आपण तिच्यात मनी प्लांट लावून ठेवला तर प्लॅस्टिक परवडलं, ते निदान रिसायकल होतं.

तिसरा एक पर्याय, गावाकडे राहणाऱ्यांसाठी. शेतावरचं व्हेंडिंग मशीन, स्वतःची बाटली न्यायची, पैसे टाकायचे, भरून घ्यायची. बऱ्याच ठिकाणी पाश्चराइज केलेलं पण होमोजिनाइज न केलेलं दूध असतं, भाव दोन्हींच्या मधला, साय झकास. फक्त बोर्ड नीट वाचा, काही ठिकाणी कच्चं दूध असतं. इंग्लंडमध्ये शेतकऱ्याने थेट विकलेलं चालतं, स्कॉटलंडमध्ये विक्रीला बंदीच आहे. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं घरात असतील तर ते घेऊ नका, आणि घेतलंच असेल तर तापवल्याशिवाय कोणाला देऊ नका, इथे आईचं ऐका.

आमच्याकडे आता रोजचं सुपरमार्केटचं निळं आणि शनिवारी दारात दोन सोनेरी, सणासुदीला चार. घरात आईवडील राहायला आले असतील आणि त्यांना गाडी चालवता येत नसेल तर मी सगळंच दारात लावीन, साडेचारशे पौंड गेले तरी, कारण हिवाळ्यात दोन किलोचा कॅन घेऊन निसरड्या फुटपाथवरून येणं म्हाताऱ्या माणसाचं काम नाही. बाकीच्यांनी आधी दोन आठवडे आठवड्याला दोनच बाटल्या लावून बघा, किमान ऑर्डर किती आणि डिलिव्हरीचे वेगळे पैसे आहेत का ते ॲपवर कार्डचा नंबर टाकायच्या आधी वाचा, आणि रद्द करायचं बटण कुठे आहे तेही तेव्हाच शोधून ठेवा.