उत्तरकाशीचा बेसिक कोर्स: ट्रेक लीडर होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी कसा आहे?

नुसता हिमालय बघायचा असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा, म्हणजे ‘निम’चा, 28 दिवसांचा बेसिक कोर्स झेपण्यापलीकडचा वाटेल. पण जिला ट्रेक लीडर किंवा प्रशिक्षक म्हणून कमवायचं आहे, तिला इतका पक्का पाया देशात मोजक्याच ठिकाणी मिळतो. संस्था 1965 सालची. बचेंद्री पाल इथेच शिकल्या, 23 मे 1984 रोजी एव्हरेस्टवर पोचल्या आणि पुढे 1993च्या भारत-नेपाळ महिला एव्हरेस्ट मोहिमेच्या नेत्या झाल्या.

संस्थेच्या वेळापत्रकात खास महिलांची बॅचही असते. जागा मिळत असेल तर तीच घ्या. मिश्र बॅचमध्ये दोर उचलायला, पुढे व्हायला मुलगे आपसूक सरसावतात आणि रोप लीडरही, म्हणजे एका दोराला बांधलेल्या गटाचा प्रमुख, बहुतेक वेळा त्यांच्यातलाच होतो. महिला बॅचमध्ये रोप लीडर, कोर्स सीनियर (सगळ्या बॅचची प्रमुख), सामान मोजून घेणारी आणि परत देणारी, सगळ्या जबाबदाऱ्या मुलींवरच येतात. पुढच्या कामाची खरी तालीम तीच.

सुरुवातीचे दिवस टेखलाच्या कातळांवर गाठी, बिले (जोडीदाराचा दोर धरून त्याला सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून उतरणं) यांत जातात. मग सॅक पाठीवर घेऊन ग्लेशियरकडे, सहसा डोकरियानी बामक या हिमनदीवर. बर्फावर घसरल्यावर स्वतःला थांबवायचा सराव इथे घोटून घेतात आणि तो तसाच घ्यायला हवा. आइस अ‍ॅक्सचं डोकं खांद्याशी, दांडा छातीवर तिरका, पोटावर वळून सगळा भार डोक्याच्या अणकुचीदार चोचीवर. पायात क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, असतील तर पाय गुडघ्यात दुमडून वर. नाहीतर दात बर्फात अडकतात, घोटा मोडतो किंवा माणूस उलटा फेकला जातो.

आता ग्रेडविषयी. बेसिकला ‘ए’ मिळाला तरच अ‍ॅडव्हान्सचं दार उघडतं, आणि तिथेही ‘ए’ असेल तरच शिकवायचं कसं हे शिकवणारा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे एमओआय. प्रशिक्षक व्हायचं तर वाट हीच. चांगल्या तब्येतीच्या मुलींचाही ‘ए’ साध्या गोष्टींवरून हुकतो. उघड्या हातांनी जमणारी आठाची गाठ हातमोज्यात जमत नाही, म्हणून घरीच हातमोजे घालून, डोळे मिटून सराव करा. दुसरं म्हणजे गप्प राहणं. जोडीदारणीच्या हार्नेसचं, म्हणजे दोर जोडायच्या कमरपट्ट्याचं, बक्कल चुकलेलं दिसूनही न सांगणारी मुलगी लीडर म्हणून नापासच.

स्टोअरमधून मिळणाऱ्या सामानात लहान मापं लवकर संपतात. मोठा बूट दोन मोजे घालून चालवून घेऊ नका. बूट बांधून जिन्यावर चढा, टाच आत उचलली गेली तर त्याच दिवशी बदलून मागा. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. पूर्ण आवळूनही खाली ओढल्यावर तो सरकत असेल तर उलटं लटकल्यावर अंगातून निघू शकतो. पाळीसाठी पॅड पुरेसे न्या, वापरलेले परत आणायला झिपच्या पिशव्या न्या. उद्या तुमच्या बॅचमधल्या मुली हेच तुम्हाला विचारणार आहेत.

उणीव एकच, पण मोठी. प्रथमोपचार आणि उंचीच्या आजारावर व्याख्यानं होतात, तरी एकटीनं 20 जणांची जबाबदारी घ्यायला ती पुरत नाहीत. त्यासाठी वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा साधारण 8 ते 10 दिवसांचा कोर्स वेगळा करावा लागतो. सह्याद्रीतलं ऊन, मधमाश्या, घसाऱ्याच्या वाटा हे शिक्षणही आपल्या महाराष्ट्रातच, स्थानिक संस्थांबरोबर सहाय्यक म्हणून हिंडून घ्यायचं.

धोक्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा-2 शिखरावर अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सर केलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यात गेल्या. पुढच्या कोर्सला जाण्याआधी घरच्यांशी हे मोकळेपणानं बोला, आणि हिमस्खलनाच्या तासाला मिळेल ते सगळं विचारून घ्या.

जागा फार लवकर भरतात, तेव्हा नोंदणी कित्येक महिने आधी करा. डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तयारीला आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड, आठवड्यातून दोनदा, पाठीवर 12 ते 15 किलो घेऊन. डेहराडूनहून उत्तरकाशीच्या जीप सकाळी सुटतात, घाटात दरड आली तर दिवस जातो. म्हणून एक दिवस हाताशी ठेवूनच पोचा.