रिफाम्पिसिन लागू पडतंय का? उंदराचा तळपाय की जनुक-चाचणी

रिफाम्पिसिन हे कुष्ठरोगावरचं मुख्य औषध; रुग्णाच्या जंतूंवर ते चालतं का, हे तपासायचं कसं? कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या बशीत वाढतच नाही, त्यामुळे नेहमीची कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जंतू वाढवून त्यांच्यावर औषध पारखणं) इथे बाद. १९६० मध्ये अमेरिकी संशोधक शेपर्ड यांनी वाट काढली ती उंदराच्या तळपायातून. रुग्णाच्या त्वचेतले ५ ते १० हजार जंतू तिथे टोचायचे, काही उंदरांना औषध द्यायचं, काहींना नाही, आणि जंतू कुठे वाढतात ते पाहत थांबायचं. जंतू दुप्पट व्हायलाच १२-१४ दिवस लागतात; निकाल हाती येईस्तोवर सहा महिने, कधी वर्ष. शिवाय नमुन्यातले जंतू जिवंत हवेत.

पीसीआर या जनुक-चाचणीला मेलेले जंतूही चालतात. जंतूच्या आरपीओबी जनुकातला, रिफाम्पिसिनला निष्प्रभ करणारा बदल वाचला की काही दिवसांत उत्तर. रोजच्या कामाला मी हीच घेईन. मात्र तिला ओळखीचेच बदल कळतात. नवं औषध जंतू मारतं का, हे विचारायला पुन्हा उंदीरमामाच!