टीसीपीक्लायंट, एका गळीत हंगामानंतर: बाकी झकास, 'कनेक्टेड' मात्र थापाड्या

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचं सॉफ्टवेअर चालतं, डॉटनेट ८ (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंग फ्रेमवर्क) वर. इंडिकेटर, म्हणजे काट्याचं वजन दाखवणारं यंत्र, सिरियल पोर्टवर सेकंदाला अनेकदा वजन फेकत असतो, मध्ये सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर, आणि केबिनमधल्या पीसीवर टीसीपीक्लायंट, म्हणजे नेटवर्कवर टीसीपी कनेक्शन जोडून डेटा वाचणारा डॉटनेटमधलाच क्लास. बाहेरची लायब्ररी घ्यायची तर दरवर्षी परवान्याचे पैसे, आणि ते कारखाना देणार नाही, म्हणजे माझ्याच खिशातून. फ्रेमवर्कमध्ये फुकट मिळतंय ते वापरलं. सॉकेट म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही.

ऐन हंगामात एका रात्री काट्याकडची लाईट गेली आणि लगेच आली. पीसी आणि स्विच यूपीएसवर होते, कन्व्हर्टर नव्हता. स्क्रीनवर आधीच्या ट्रॉलीचं वजन तसंच ठाण मांडून बसलेलं. पुढची ट्रॉली काट्यावर चढली तरी पीसीवरचा आकडा हलेना. इंडिकेटरवर एक, पीसीवर दुसरंच, हे ऑपरेटरला पावती काढायच्या आत दिसलं म्हणून वाचलो. ऊसवाल्याला आधी दिसलं असतं तर 'काटा मारतायत' ही बोंब गेटपर्यंत गेली असती. मग तिथे कुणाला टीसीपी समजावून सांगणार?

या सगळ्या वेळात टीसीपीक्लायंटचं 'कनेक्टेड' (कनेक्शन आहे की नाही सांगणारी प्रॉपर्टी) काय म्हणत होतं? ट्रू. कन्व्हर्टरला बंद पडताना निरोप पाठवायला वेळच मिळाला नाही, आणि परत चालू झाल्यावर त्याला जुनं कनेक्शन आठवत नाही. पीसी नुसताच ऐकत बसलेला, स्वतःहून एक बाइटही पाठवत नाही, त्यामुळे समोरून नकार यायचाही प्रश्न नाही. 'कनेक्टेड' सांगतं ते शेवटच्या देवाणघेवाणीच्या वेळची स्थिती. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे, मान्य. पण मग प्रॉपर्टीला हे नाव कशाला? वर तिथला उपाय असा की शून्य बाइट पाठवून बघा. शून्य बाइट वायरवर जातच नाहीत! लाईट गेलेल्या कन्व्हर्टरचा पत्ता त्याने कसा लागणार? 'पोल' (वाचण्याजोगं काही आहे का) आणि 'अव्हेलेबल' (किती बाइट आलेत) मिळून तपासायची युक्ती समोरच्याने रीतसर फोन ठेवला, म्हणजे कनेक्शन बंद केलं, तरच चालते.

रिसीव्हटाइमआउट (डेटाची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) लावला होता, तोही कामाचा नाही. तो फक्त सिंक्रोनस, म्हणजे डेटा येईपर्यंत प्रोग्रॅम अडवून ठेवणाऱ्या वाचनाला लागू. न अडवता वाचणारं रीडअसिंक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

इथवर माझा रेटिंग दोन स्टार होता. मग कीपअलाइव्हकडे वळलो, म्हणजे कनेक्शन शांत असताना समोरचा जिवंत आहे का याची आपोआप चौकशी. नुसतं चालू केलं तर विंडोज पहिली चौकशी दोन तासांनी करतं, तोवर गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग. पण डॉटनेट कोअर ३.० पासून पहिल्या चौकशीपर्यंतची वेळ आणि दोन चौकशांमधलं अंतर सेकंदांत, शिवाय प्रयत्न किती, हे सगळं सेटसॉकेटऑप्शनने देता येतं. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये यासाठी बारा बाइटची ॲरे हाताने भरून आयओकंट्रोलला द्यावी लागायची. ज्यांनी भरलीय त्यांना हे सुख कळेल. दहा सेकंद, दोन सेकंद, तीन प्रयत्न असं लावलं आणि मुद्दाम कन्व्हर्टरची वायर ओढली. पंधरा-वीस सेकंदांत अडकलेल्या वाचनाने एक्सेप्शन फेकलं. तीन स्टार.

काट्याला तेवढा वेळही जास्त आहे. आमचा इंडिकेटर कधी गप्प बसतच नाही, म्हणून आता रीडअसिंकला कॅन्सलेशन टोकन (चालू काम मध्येच थांबवायचा इशारा) देतो, आणि तीन सेकंद शांतता असेल तर वजन पुसून लाल पट्टी, पावतीचं बटण बंद, क्लायंट टाकून नवा. जुन्या फ्रेमवर्कमध्ये सुरू झालेलं वाचन टोकनला जुमानायचं नाही, इथे ऐकतं. बंद केलेला क्लायंट पुन्हा वापरता येत नाही, नवाच बनवा. तेव्हापासून लाईट कितीही वेळा गेली तरी रात्री फोन नाही. चार स्टार, आणि खर्च शून्य.

एक इशारा: १२३४० किलो एकाच रीडमध्ये येईल असं समजू नका. कधी '१२' येतं आणि '३४०' पुढच्या खेपेला. सुरुवातीची आणि शेवटची खूण सापडेपर्यंत बफरमध्ये साठवत राहा. ठरावीक लांबीचा संदेश असेल तर डॉटनेट ७ पासूनचं रीडएक्झॅक्टली आहेच.

पावत्या सर्व्हरला पाठवायला एचटीटीपीक्लायंट (वेब सर्व्हरशी बोलणारा डॉटनेटचा क्लास) आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. एकच ठेवा, दर पावतीला नवा बनवू नका, आणि टाइमआउट मूळचा १०० सेकंदांचा असतो तो कमी करा. सर्व्हरचा आयपी बदलत असेल तर पूल्डकनेक्शनलाइफटाइमही (एक कनेक्शन किती वेळ वापरत राहायचं ती मर्यादा) द्या, नाहीतर जुन्याच पत्त्यावर चिकटून राहतो.

पाचवा स्टार का नाही, तर डॉटनेट ६ मध्ये वेबक्लायंटवर (एचटीटीपीक्लायंटच्या आधीचा जुना क्लास) 'कालबाह्य' शिक्का मारला, वापरलं की कंपायलर पिवळा इशारा देतो. बिचारं वेबक्लायंट निदान खोटं तरी बोलत नव्हतं. 'कनेक्टेड' लिहिलं तर आजही कंपायलर चकार शब्द काढत नाही.