दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा रंगसंच: काही महिन्यांच्या वापरानंतर

मॉडेल विमानांसाठीचा हा ॲक्रिलिक संच मी काही महिने १:४८ आणि १:७२ अशा दोन्ही मापांवर वापरतो आहे. मूळ रंगांच्या बाटल्या, उन्हाने उडालेल्या छटा, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), काजळीची पूड आणि चिपिंगसाठी, म्हणजे रंगाचे टवके उडाल्याचा भास देण्यासाठी, चंदेरी रंग एवढं त्यात आहे.

मूळ रंग चांगलेच आहेत. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांवरून तपकिरी डार्क अर्थ गेला आणि ओशन ग्रे आला. त्या राखाडीतली निळसर झाक इथे नेमकी उतरली आहे. पण मला हा संच आवडला तो उडालेल्या छटांसाठी. ऑलिव्ह ड्रॅब या अमेरिकी विमानांच्या मळकट हिरव्या रंगाच्या तीन पायऱ्या मिळतात आणि शेवटची जवळजवळ तपकिरी आहे. बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचं रडर आणि एलिव्हेटर (शेपटीचे हलणारे भाग) कापडी होते, त्यामुळे त्यांवरचा रंग पत्र्यावरच्या रंगापेक्षा वेगळा विटायचा. धड मधल्या छटेत आणि रडर तिसऱ्या छटेत रंगवलं की मॉडेल एकदम जिवंत होतं!

चंदेरी रंगाबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. सोबतच्या पत्रकात तो सरसकट प्रत्येक विमानावर लावायला सांगितलाय, ते चूक आहे. मॉस्किटो हे ब्रिटिश विमान लाकडी होतं. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या धडाचा मागचा भाग कापडी होता. तिथे रंग खरवडला तर खाली ॲल्युमिनियम दिसणार कुठून? उलट जपानी लष्कराच्या अनेक विमानांवर उघड्या पत्र्यावर प्रायमरशिवायच (रंग धरून ठेवणाऱ्या खालच्या थराविना) हिरवा रंग मारलेला असे आणि तो मोठमोठ्या पापुद्र्यांनी निघायचा. जपानी नौदलाच्या झिरो या लढाऊ विमानावर प्रायमर असे, म्हणून तिथला रंग टिकायचा. दोन्ही विमानं जपानी, दोन्ही हिरवी, तरी चिपिंग वेगळं हवं. त्यामुळे टवके उमटवायचा स्पंज हातात घेण्याआधी मी रंगाखाली काय होतं ते शोधतो.

काजळीची पूड फक्त काळी आहे, ही मोठी उणीव. शिसंयुक्त पेट्रोलवर, पातळ मिश्रणाने लांब उड्डाण झालं की एक्झॉस्टमागचा डाग फिकट राखाडी पडायचा. मी काळ्यावर फिकट मातकट पूड चढवून ते साधतो.

एअरब्रशमध्ये रंग नोझलवर लवकर सुकतो, रिटार्डरचे (सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब लागतातच. मास्किंग टेपबरोबर रंग उचकटून येतो, म्हणून खाली चांगला प्रायमर हवा. जून १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीचे काळे-पांढरे पट्टे मी टेपविनाच रंगवतो. एका इंजिनाच्या विमानांवर ते १८ इंच रुंद असत, म्हणजे १:४८ वर साडेनऊ मिलिमीटर. खऱ्या विमानांवरही ते घाईघाईत, बऱ्याचदा साध्या ब्रशने मारले गेले होते, त्यामुळे थोडी वाकडी कड तिथे शोभतेच.

मॅट वार्निश दमट हवेत पांढरं पडतं. ते मी आता दुसरं वापरतो.