सत्तरीनंतर: वय वंदना कार्ड की खासगी मेडिक्लेम?

सदाशिव पेठेतली मावशी ७२ वर्षांची, मधुमेह जुना. हप्त्याची नोटीस भिंग लावून तीनदा वाचली नि म्हणाली, "सोडू का रे ही पॉलिसी?"

वय वंदना कार्ड म्हणजे सरकारच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेतलं सत्तरीपुढच्यांचं कार्ड. त्याला हप्ता नाही, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांचं कवच. खासगी हप्ता दरवर्षी चढतो. २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, एवढंच.

जुना आजार कार्डावर पहिल्या दिवसापासून; नव्या खासगी पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत थांबा. सत्तरीत तीन वर्षं! म्हणूनच कार्डाची योजना खासगी विमा कंपन्यांच्या हवाली करा असं कुणी म्हटलं, तर माझा विरोध आहे.

रुग्णालयं निवडायला मात्र खासगी सरस. मावशीचं नेहमीचं रुग्णालय कार्डाच्या यादीत नाही.

चालू पॉलिसी परवडत असेल तर ठेवा, सोबत कार्डही चालतं. नव्याने घेणाऱ्या आजारी माणसाने आधी कार्ड काढावं.