संदर्भामागे तीन डॉलर आणि अस्तित्वात नसलेले दोन लेखक

वैद्यकीय जर्नलला पाठवायच्या शोधनिबंधाची संदर्भसूची बाहेरून करून घेण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी हे वाचावे.

हिशेब आधीच मांडते, कारण नंतर ज्याच्याकडे तक्रार घेऊन गेले त्या प्रत्येकाने पहिल्यांदा तोच विचारला. निबंधात 62 संदर्भ होते. संदर्भामागे 3 डॉलर या दराने एका सेवेशी 186 डॉलर ठरले आणि त्यातले निम्मे, म्हणजे 93 डॉलर, आधी दिले. मग ‘तातडीचे शुल्क’ म्हणून 45 डॉलर निघाले. त्यानंतर ‘अपूर्ण संदर्भ पूर्ण करणे’ या नावाखाली नऊ संदर्भांचे प्रत्येकी 4 प्रमाणे 36 डॉलर लागले. उरलेले 93 भरल्याशिवाय अंतिम फाइल उघडत नव्हती, म्हणून तेही भरले. एकूण 267 डॉलर. आधी स्वस्त दर, मग मुदतीचा धाक, मग अडवून पैसे, हा खाक्या सर्वांनाच ठाऊक आहे आणि मलाही होता.

मला व्हँकुव्हर शैली, म्हणजे वैद्यकीय जर्नलांतली संदर्भ मांडण्याची पद्धत, येत नाही म्हणून मी काम बाहेर दिले, असे कोणी समजू नये. संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे द्यायचे, सहापेक्षा अधिक लेखक असतील तर पहिल्या सहांनंतर ‘एट अल’ (आणि इतर) लिहायचे, जर्नलच्या नावाचे लघुरूप अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या सूचीप्रमाणे घ्यायचे, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. पण सहलेखकांनी पाठवलेले संदर्भ कोणी एंडनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेले, कोणी तशाच झोटेरोमधले, तर कोणी दुसऱ्याच्या निबंधातून जसेच्या तसे उचललेले होते. त्यांची मोट बांधायला रुग्ण तपासून उरलेला वेळ पुरत नव्हता. अशा वेळी यांत्रिक काम पैसे देऊन करून घेणे हा गुन्हा नाही. गंमत अशी, की 1978 मध्ये व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय संपादक जमले आणि 1979 मध्ये त्यांचे नियम प्रथम प्रसिद्ध झाले, ते लेखकांना प्रत्येक जर्नलसाठी वेगळी मांडणी करत बसावे लागू नये एवढ्याचसाठी.

आता तो क्षण, जो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. अंतिम फाइलपूर्वी त्यांनी दहा संदर्भांचा नमुना पाठवला होता. त्यातल्या तिसऱ्या संदर्भात तीनच लेखकांनंतर ‘एट अल’ होते. जर्नलचा नियम सहांचा आहे, असे मी कळवले. काही मिनिटांत दुरुस्त नमुना आला आणि त्यात सहा नावे व त्यांच्यापुढे ‘एट अल’ होते. तो लेख मी वाचलेला होता. त्याला लेखकच मुळी चार आहेत! पाचवे आणि सहावे नाव आडनाव, आद्याक्षरे, स्वल्पविराम यांसकट इतके बिनचूक मांडलेले होते, की मी शैली तपासली आणि ‘आता बरोबर’ असे लिहून पाठवले. नमुना तपासताना माणूस मांडणीच पाहतो, लेखकांची डोकी मोजत नाही, आणि ते लोक याच भरवशावर धंदा करतात. तुम्ही मात्र मोजा.

दुसरी खूण त्याहून स्पष्ट होती. मी झोटेरोची लायब्ररी, निदान आरआयएस फाइल (संदर्भांच्या नोंदी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी) तरी मागितली. ‘अंतिम प्रतीला तिची गरज नसते,’ असे उत्तर आले. ज्याने खरोखर संदर्भ शोधून भरले आहेत त्याच्याकडे ही फाइल असतेच आणि ती द्यायला त्याला एक पैसाही खर्च येत नाही. ती न देणाऱ्याला पुढचा हप्ता देऊ नका.

हातात आलेली फाइल दिसायला देखणी होती. पण वर्डमधले सगळे फील्ड कोड, म्हणजे संदर्भांचे आकडे आपोआप बदलणाऱ्या छुप्या खुणा, काढून आकडे साध्या मजकुरासारखे टंकलेले होते. सहलेखकाच्या सूचनेवरून चर्चेतला एक परिच्छेद वगळला, तेव्हा त्यातला एक संदर्भ सूचीतून गेला आणि मजकुरातले पुढचे आकडे सरकायला हवे होते, ते जागचे हलले नाहीत. औषधाच्या मात्रेविषयीच्या वाक्यापुढचा 31 हा आकडा त्यानंतर भलत्याच लेखाकडे बोट दाखवू लागला. हे माझ्या नजरेत आले म्हणून बरे. छापून गेले असते तर एखाद्या डॉक्टरने त्या वाक्यावर विश्वास ठेवला असता. मग मी एकेक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, ब्राउझरमध्ये टाकून पाहिला. 17 क्रमांकाच्या संदर्भाचा डीओआय उघडला, तर शेतजमिनीतल्या ओलाव्यावरचा लेख समोर आला. ज्या नऊ संदर्भांना ‘पूर्ण’ करण्याचे 36 डॉलर घेतले होते, त्यांपैकी सात लेख पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत नाहीत, त्या जर्नलांच्या त्या अंकांतही नाहीत. जर्नल खरे, वर्ष शक्यतेतले, पाने सुसंगत आणि लेख मात्र काल्पनिक: हे काम कोणा माणसाने बसून केलेले नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

जाब विचारल्यावर ‘दुरुस्ती फेरी’चे आणखी 80 डॉलर मागितले गेले आणि निबंध बाहेरून करून घेतल्याचे संपादकांना कळवू, अशी धमकीही मिळाली. मी छदामही दिला नाही. या धमकीला अजिबात भिऊ नका. मांडणीसाठी घेतलेले साहाय्य आभारात नमूद करता येते.

त्यानंतरची टोलवाटोलवी तर विचारू नका. कार्ड कंपनीने तक्रार फेटाळली, कारण ‘फाइल ग्राहकाला मिळाली आहे’. मालाऐवजी विटा निघाल्या असत्या तर यांना कळले असते. खोटा संदर्भ ही सदोष वस्तू आहे, हे त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. सायबर पोलिसांनी डीओआय म्हणजे काय ते दोनदा समजावून घेतले आणि हा करारभंगाचा दिवाणी प्रश्न असल्याचे सांगून हात वर केले. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती, त्यांनी स्वयंचलित उत्तरातून मलाच सेवेला तारे देण्याची विनंती केली. प्रकाशन-नीतीसाठी काम करणारी ‘कोप’ ही संस्था आपल्या सदस्य जर्नलांविषयीच्या तक्रारी पाहते, असले दलाल तिच्या कक्षेत येत नाहीत. आणि आमच्याच संस्थेच्या संशोधन विभागाने माझी तक्रार नोंदवण्याऐवजी माझ्याकडूनच खुलासा मागवला! ज्यांनी आयुष्यात एका संदर्भाचे स्वल्पविराम लावले नसतील, त्यांनी मला संशोधनातील सचोटीवर दोन पानी परिपत्रक पाठवले. संदर्भ व्यवस्थापनाची एखादी कार्यशाळा घ्या, ग्रंथपालांना या कामासाठी वेळ द्या, अशी मागणी आम्ही कितीदा केली होती, त्याचा उल्लेख त्या परिपत्रकात नव्हता.

झोटेरो मोफत आहे, आणि चूक वा गैरप्रकार उघड झाल्याने जर्नलने मागे घेतलेला लेख तुमच्या लायब्ररीत असेल तर ते तसा इशाराही देते. तो इशारा वाचा, कारण मागे घेतलेल्या लेखाचा खरा मानून आधार घेतला तर त्याची जबाबदारी लेखकावर येते, मांडणी करणाऱ्यावर नाही. संदर्भ शीर्षकावरून पबमेडमध्ये शोधा आणि तेथूनच आयात करा. जर्नलच्या लेखक-सूचना शेवटपर्यंत वाचा: कित्येक जर्नले पहिल्या सादरीकरणाला कोणतीही एकसारखी शैली चालवून घेतात. मला हवे होते ते जर्नलही चालवून घेते, पण ती ओळ आकृत्यांच्या आकारमानाखाली दडवलेली आहे.

तरीही काम बाहेर द्यायचेच असेल, तर नमुन्यासाठी पाठवायच्या यादीत एक मनाने रचलेला संदर्भ मुद्दाम घाला, त्यातले वर्ष व पाने कोरी ठेवा आणि काय परत येते ते पाहा. ‘हा लेख सापडत नाही’ असे उत्तर आले नाही, तर व्यवहार तेथेच थांबवा. त्या सेवेची जाहिरात आजही सुरू आहे. फक्त दर तीनवरून चार डॉलर झाला आहे.