गेम डिलीट केला, पैसे मात्र कापले जात राहिले

आईच्या आजारपणात रात्रीची जागरणं चालू होती. डोकं जरा शांत राहावं म्हणून मी फोनवर समुद्राचा एक गेम घेतला. शिंपले, तारामासे, समुद्रघोडे, कासवं अशा चित्रांच्या टाइल्स एकावर एक रचलेल्या असतात. एकेक टाइल उचलायची, खालच्या सात खणांच्या पट्टीत ठेवायची. सारखी तीन चित्रं जमली की ती नाहीशी होतात. सातही खण भरले आणि तीन जमली नाहीत, की डाव गेला. मागे लाटांचा हलका आवाज. त्या रात्री मला या गेमचा खरोखर आधार वाटला होता, म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

सुरुवातीचे डाव पटापट सुटायचे. पुढे दर वेळी शेवटच्या चार-पाच टाइल्सवर अडकायला लागलं, आणि प्रत्येक डावानंतर जाहिरात. अशाच एका हरलेल्या डावानंतर अख्खा स्क्रीन निळा झाला : 'तीन दिवस मोफत, जाहिराती बंद'. खाली मोठं बटण, 'पुढे चला'. बंद करायची फुली होती, पण ती काही सेकंदांनी उमटायची, तीही लाटेच्या फेसावर पांढऱ्याच रंगात. बटणाखाली करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती मी नंतर वाचली : तीन दिवसांनंतर, रद्द करेपर्यंत, दर आठवड्याला पैसे कापले जातील.

बटण दाबल्यावर प्ले स्टोअरची चौकट आली. 'आज : मोफत' एवढंच मी पाहिलं आणि बोट टेकवलं. त्याच चौकटीत खाली पुढची तारीख आणि रक्कम लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी गेम डिलीट केला. माझ्या लेखी विषय संपला.

अडीच महिन्यांनी नवऱ्याने खात्याचे मेसेज पाहताना विचारलं, "अगं, दर आठवड्याला हे काय कापलं जातंय?" अकरा वेळा कापले गेले होते. दर वेळची रक्कम किरकोळ, म्हणून मेसेज आला तरी लक्ष गेलं नाही. महिन्याचा हिशेब वाटणारी रक्कम आठवड्याची असेल, तर ती वर्षात बारा नाही, बावन्न वेळा जाते.

गेम फोनवरून काढला म्हणून सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. ते तुमच्या खात्याशी जोडलेलं असतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे आपल्या फोटोवर दाबा, तिथे पेमेंट आणि सबस्क्रिप्शनचा विभाग आहे. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, त्यात सबस्क्रिप्शन. ट्रायल घ्यायचीच असेल तर घेतल्या घेतल्या तिथे जाऊन रद्द करा. ठरलेले मोफत दिवस बहुतेक वेळा तरीही मिळतात. आयफोनवर मुदत संपायच्या किमान 24 तास आधी रद्द करावं लागतं, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

प्ले स्टोअरकडे पैसे परत मागायचे तर पैसे गेल्यापासून 48 तासांच्या आत मागावेत. माझा शेवटचा हप्ता आदल्याच दिवशी गेलेला, तेवढा परत आला. आधीच्या दहांसाठी गेम बनवणाऱ्यांना लिहिलं. 'अटी आपण मान्य केल्या होत्या' असं छापील उत्तर आलं. दुसऱ्यांदा लिहिलं, त्याला उत्तरच नाही. त्या दहा आठवड्यांत गेम माझ्या फोनवर नव्हता, हे मी दोन्ही वेळा स्पष्ट लिहिलं होतं. रात्री दमून बसलेल्या माणसापुढे पांढऱ्यावर पांढरी फुली ठेवायची आणि मग त्याच्या संमतीचं बोलायचं, याला मी फसवणूकच म्हणते.

परवा ताईचा फोन घेऊन तीच यादी उघडली. दोन सबस्क्रिप्शन चालू निघाली. त्यातलं एक फोटो सुधारणाऱ्या ॲपचं, जे तिने केव्हाच काढून टाकलं होतं.